आमचा प्रत्येक सामना बाहेरगावचा

दाभोळला राहून फुटबॉलच्या एखाद्या संघात जीव गुंतवायचा तर आधी गाडीत बसायची तयारी लागते. मुंबई सिटीचं मैदान अंधेरीला, आमच्या बंदरापासून रात्रभराच्या प्रवासावर. एफसी गोवाचं मैदान मडगावजवळ फातोर्ड्याला, उलट दिशेला दिवसभराच्या प्रवासावर. शहरातल्या पाठीराख्याचे निम्मे सामने घरचे असतात आणि निम्मे बाहेरचे. आमचे सगळेच बाहेरचे. गावात ओव्हरआर्म क्रिकेटला आणि कबड्डीला गर्दी लोटते, फुटबॉलवाले आम्ही मूठभर. पण मूठभरांची एक गाडी भरते, आणि ती ठरवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतो. कोकणातल्या दुसऱ्या एखाद्या गावातून कुणाला पहिली गाडी काढायची असेल तर त्याला सुरुवात तरी सोपी जाईल.

१. गाडीत दोन्ही रंग असू द्या

मी मुंबई सिटीचा. माझे वडील मुंबईत गोदीत कामाला होते आणि रोव्हर्स कपचे दिवस आले की मला कूपरेजला घेऊन जायचे. ती स्पर्धा १८९१ पासूनची, २००१ च्या सुमारास कायमची बंद पडली. मग महिंद्र युनायटेड होतं. त्यांनी २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच गुंडाळला. मुंबईच्या फुटबॉलवर प्रेम करणाऱ्याला संघ नाहीसे होताना बघायची सवय करून घ्यावी लागली. २०१४ ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, मुंबईला पुन्हा मोठा संघ मिळाला, आणि मी तो घट्ट धरला.

पण आमच्याकडची निम्मी पोरं गोव्याची. कुणी वास्कोला ट्रॉलरवर खलाशी होता, कुणी कळंगुटच्या हॉटेलात. तिथेच त्यांना फुटबॉल लागला. गोव्यात साळगावकर, धेंपो, चर्चिल ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतात, त्या वातावरणात चार वर्षं काढलेला पोरगा नारिंगी जर्सी घालूनच परत येतो. आखातात असलेले आमचे भाऊबंद आणखी तिसरेच, त्यांना बार्सिलोना आणि रियल माद्रिद.

दोन वेगळ्या गाड्या काढायला आमच्याकडे माणसंच नाहीत. म्हणून मुंबईची आकाशी आणि गोव्याची नारिंगी एकाच गाडीत. सुरुवातीला काही जणांना हे अवघड वाटलं. मला मात्र आता हीच आमच्या गाडीची सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. जाताना वाद संपत नाही, त्यामुळे चालकाला झोप येत नाही, आणि समोरच्या संघातलं कोण कसं खेळतं हे गाडीतच शिकायला मिळतं.

२. आधी पैसे, मग यादीत नाव

भाडं सीटवर ठरत नाही, गाडीवर ठरतं. दोघं आदल्या रात्री गळाले तर त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि ज्याच्यावर पडतो तो पुढच्या खेपेला येत नाही. म्हणून नियम एकच: पैसे जमा झाले की नाव यादीत. मित्र असो, मेहुणा असो, गावचा मानकरी असो. जो अडचणीत आहे त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून एक सीट वर्गणीतून काढावी, पण तीसुद्धा आधी ठरवून, आणि त्याचं नाव जाहीर न करता.

सामन्याचं तिकीट आणि गाडीचं भाडं वेगळं ठेवा. तिकीट ज्याचं त्याने काढावं. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर असतील आणि तो फोन दारात बंद पडला, तर अख्खी गाडी बाहेर उभी राहील.

३. तारीख समुद्राला विचारून ठरवा

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. खलाशी तेव्हा मोकळा असतो, आणि नेमका तेव्हा आयएसएलचा एकही सामना नसतो. हंगाम एरवी पावसाळा संपता संपता सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो, म्हणजे होड्या पाण्यात असतात तोच सगळा काळ. आमच्यातल्या निम्म्या लोकांना एक दिवस सुट्टी घेणं म्हणजे एका फेरीची कमाई सोडणं असतं. हे शहरातल्या चाहत्याला चटकन ध्यानात येत नाही.

म्हणून वेळापत्रक आलं की आम्ही बंदरावर बसतो आणि हंगामातले एक-दोनच सामने निवडतो. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, आधी सांगतो. बाद फेरीचं मात्र काही हातात नसतं, कारण तिथे कुणाची गाठ कुणाशी हे जेमतेम काही दिवस आधी कळतं. २०२४ च्या एप्रिलात मुंबई-गोवा उपांत्य सामना ठरला तेव्हा दोन दिवसांत गाडी भरली. चैत्री पौर्णिमा २३ तारखेला, सामना २४ ला. चांदण्या रात्रीत जाळ्याला मासळी कमी लागते असं आमचे मच्छीमार मानतात, त्यामुळे तांडेलांनीही फार ओढून धरलं नाही.

४. रेल्वे की रस्ता, आणि जंगलजेटी

लोक विचारतात, कोकण रेल्वे असताना बस कशाला? जाताना रेल्वे उत्तमच. मडगाव स्टेशनापासून फातोर्डा अगदी जवळ आहे. अडचण येताना. सामना साडेसातला सुरू होतो, साडेनऊच्या पुढे संपतो, आणि कोकणकन्या त्याच्या कितीतरी आधी मडगाव सोडते. शिवाय चिपळूण किंवा खेडला उतरून दाभोळपर्यंत यायला पुन्हा वाहन बघा. एवढ्या माणसांना एकत्र नेऊन एकत्र आणायचं तर बसला पर्याय नाही.

बस ठरवताना पहिली गोष्ट: दाभोळ नेमकं कुठलं ते गाडीवाल्याला नीट सांगा. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाने आमचं नाव जगभर नेलं, पण तो प्रकल्प खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात. नवखा चालक 'दाभोळ' ऐकून थेट त्याच्या फाटकाशी येऊन थांबतो.

दुसरी गोष्ट: गाडी पलीकडेच ठेवा. दाभोळहून खाडीपलीकडच्या धोपाव्याला जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, २००३ पासून चालते. तिच्यावर बससुद्धा चढते. पण गाडी चिपळूण किंवा गुहागर बाजूची असेल तर तिला अलीकडे आणून परत नेण्यात दोन्ही वेळचं भाडं आणि वेळ जातो. माणसांनी सकाळच्या पहिल्या फेरीने पायी पार व्हावं, गाडीने धोपाव्याच्या धक्क्यावर उभं असावं. तिथून गुहागर, शृंगारतळी, चिपळूण आणि मग मुंबई-गोवा महामार्ग. दापोली-खेडवरून गेलात तर परशुराम घाट उतरावा लागतो, या वाटेने तो टळतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रात्री फेरी बंद असते. म्हणजे परतताना तुम्ही कितीही जोरात आलात तरी सकाळ होईपर्यंत खाडी ओलांडता येत नाही. काही जणांना ही गैरसोय वाटते. मला हा आमच्या जिवाचा विमा वाटतो. घाई करून उपयोगच नाही हे चालकालाही ठाऊक आणि मंडळींनाही. पुढचा सगळा बेत त्यावर आखता येतो.

५. चालकाला तिकीट काढून देऊ नका

ऐकायला हे निष्ठुर वाटेल. दिवसभर आपल्याला घेऊन आलेला माणूस बाहेर बसणार आणि आपण आत जाणार? प्रत्येक खेपेला कुणीतरी म्हणतंच, "मामांचंही तिकीट काढू या, सगळे मिळून पैसे देऊ." भावना खरी आहे, पण ते पैसे वेगळ्या कामाला लावा. मडगावात पोचल्याबरोबर लॉजची एक खोली घ्या, मामांना जेवू घाला आणि झोपू द्या. तुम्ही नव्वद मिनिटं ओरडत असता तेव्हा त्यांची झोप झाली पाहिजे. परवडत असेल तर दोन चालक घ्या. आम्ही आता दोनच घेतो, आणि तरीही खोली घेतोच.

रस्त्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. चिपळूण सोडलं की आरवलीपासून संगमेश्वर, हातखंबा, लांजा हा पट्टा चौपदरीकरणाच्या कामात वर्षानुवर्षं अडकलेला. खड्डे, वळणं, एकदम संपणारा काँक्रीटचा तुकडा. सगळे जागे असतात, चालकही. खारेपाटण ओलांडून सिंधुदुर्गात शिरलं की रस्ता रुंद आणि गुळगुळीत. कणकवली, ओरोस, कुडाळ सरळ निघून जातात. जाताना दिवसाउजेडी हे सुख आहे. येताना हाच पट्टा रात्री बारा ते तीनच्या दरम्यान लागतो. गाडीत सगळे झोपलेले, रस्ता सपाट, स्टेअरिंग हलवायची गरज नाही. डोळा तिथे लागतो. खड्ड्यांत नाही लागत.

त्यामुळे आमची गाडी परतताना कुडाळच्या आसपास चांगल्या उजेडाच्या पेट्रोल पंपावर थांबते आणि पहाट होईपर्यंत हलत नाही. फेरी सकाळीच मिळणार असते, मग रात्र रस्त्यावर कशाला काढायची?

हे इतकं ठासून लिहायला कारण आहे. २० मार्च २०२२ ला हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांचा अंतिम सामना फातोर्ड्याला झाला. दोन वर्षं रिकाम्या मैदानात खेळ चालला होता, आणि त्या सामन्याला प्रेक्षक सोडणार म्हटल्यावर केरळमधून लोंढे निघाले. बस, ट्रेन, मोटारसायकल, जे मिळेल ते. मलप्पुरमचे दोन तरुण दुचाकीवर निघाले होते. कासरगोड जिल्ह्यात अपघात झाला आणि दोघंही गेले. त्यांचा संघ त्या रात्री पेनल्टीवर हरला. कुठलाही चाहता बाहेरगावच्या सामन्याला निघाला की मला त्या दोन घरांची आठवण होते. आपल्या यादीतलं प्रत्येक नाव कुणाच्या तरी घरचं आहे, आणि गाडी ठरवणाऱ्याने ते घर डोळ्यांसमोर ठेवूनच गाडी ठरवली पाहिजे.

६. नाक्यावर लपवण्यासारखं काही नको

गोव्याहून परतताना बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. एकाच्या पिशवीत एक बाटली निघाली की सगळी गाडी बाजूला लागते, आणि गाडीच जप्त झाली तर बाकीचे लोक मध्यरात्री सामानासकट रस्त्यावर. म्हणून निघण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं: ज्याच्याकडे असेल त्याने इथेच ठेवावी, नाहीतर त्याने इथेच राहावं.

२०२४ ला आणखी एक भर होती. लोकसभेची आचारसंहिता. आमचं मतदानही ७ मेला आणि गोव्याचंही. सीमेवर दोन्हीकडे भरारी पथकं उभी, पन्नास हजारांवर रोकड असेल तर कागद दाखवा. वर्गणीची सगळी रक्कम मी बँकेत ठेवली होती, खिशात फक्त खर्चापुरते. गाडी भरून पोरं, ढोल आणि झेंडे बघून पथकाने साहजिकच थांबवलं. कागद पुढे केले, दहा मिनिटांत मोकळे झालो. झेंडे कुठल्या पक्षाचे, एवढंच त्यांनी विचारलं.

७. थांबे

ठरवून घ्या आणि लिहून द्या. नाश्ता, नमाज, जेवण, चहा, प्रत्येकाची वेळ आणि जागा. आमच्या गाडीत दुपारच्या नमाजाची वेळ आणि जेवणाची वेळ एकत्र धरली की कुणालाच थांबल्यासारखं वाटत नाही.

बायका आणि मुली येत असतील, आणि त्यांनी यावंच, तर थांबा फक्त स्वच्छतागृह पाहून निवडा. जेवण बरं असण्यापेक्षा ते बरं असणं महत्त्वाचं. महामार्गावर अशा जागा कमी आहेत. आम्ही त्यांची यादी करून ठेवली आहे आणि प्रत्येक प्रवासात तपासतो. आमच्याकडच्या मुलींनी मैदानावर येणं थांबवलं ते फुटबॉलची आवड नाही म्हणून नव्हे. बारा तासांच्या रस्त्यात पाणी पिऊ नये असं त्यांना घरून सांगितलं जायचं. ही साधी सोय झाल्यावर त्या यायला लागल्या.

तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा घरून घ्या. रात्री सामना सुटल्यावर मडगावात गाड्यांवर रस-ऑम्लेट मिळतं, ते सोडू नका.

८. आपण तिथे पाहुणे आहोत

बाहेरगावच्या मैदानात पाहुण्यांसाठी वेगळा कोपरा असतो. आजूबाजूला सगळं नारिंगी आणि मध्ये आपली आकाशी पट्टी. थोडे असलो की आवाज जास्त काढावासा वाटतो, आणि काढावाच. पण तो आपल्या संघासाठी. समोरच्या माणसाच्या आईबहिणीवर गेलेली घोषणा आमच्या गाडीत चालत नाही. जो देईल त्याचं नाव पुढच्या यादीत नसतं. हा नियम मी एकदाही मोडू दिलेला नाही.

कारण शब्दांचं पुढे काय होतं ते आपल्या देशाने बघितलं आहे. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण मेले. दोन्ही बाजूंचे ते एकाच शहरातले लोक होते. कोलकात्यात तो दिवस आजही फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात, रक्तदान करतात.

आणि आमचं तर गोव्याशी नातं जुनं. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने दाभोळ बंदर लुटलं, जाळलं. त्यानंतर दोन वर्षांत गोवा त्यांच्या ताब्यात गेला. एकाच सत्तेची आग दोन्ही किनाऱ्यांनी सोसली. आम्ही जाताना एप्रिल असेल तर हापूसची पेटी घेऊन जातो. गोव्याला स्वतःचा मानकुराद आहे आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे, तरीही पेटी नेतो. आमच्या पोरांना ज्यांनी वास्कोत कामाला ठेवलं, जेवू घातलं, मैदानावर नेलं, ती माणसं गेटवर भेटायला येतात. त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं.

ढोल न्यायचा असेल तर आधी विचारून ठेवा. पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, लाकडी काठीचे झेंडे दारात काढून घेतात, ते गाडीतच ठेवून जा. लहान मुलांच्या हातावर फोन नंबर लिहा.

९. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत जागा सोडायची नाही

बसने आलेल्या माणसाला पंच्याऐंशीव्या मिनिटापासून पार्किंग दिसायला लागतं. आधी निघालो तर कोंडी टळेल, लवकर जेवू, लवकर झोपू. या विचाराला आम्ही वावच ठेवलेला नाही. गाडी सामना संपल्यावर अर्ध्या तासाने सुटते, एक मिनिटही आधी नाही. कोण कितीनं मागे आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

हा नियम हरणाऱ्यांसाठी आहे. फातोर्डा मुंबईला सोपं कधीच गेलेलं नाही. १७ नोव्हेंबर २०१५ ला गोव्याने मुंबईला तिथे ७-० हरवलं. दुदू आणि हाओकिप, दोघांच्या हॅटट्रिक, एकाच सामन्यात. आमच्यातला एक जण तेव्हा गोव्यातच कामाला होता आणि पाहुण्यांच्या कोपऱ्यात बसला होता. सातवा गोल झाल्यावरही तो उठला नाही. त्याला विचारलं का, तर म्हणाला, "खेळणारे अजून मैदानात होते." मी नियम लिहिला तो त्याचं हे वाक्य ऐकून. मार्च २०१९ च्या उपांत्य फेरीत तर गोव्याने अंधेरीला येऊन ५-१ ने मारलं, आपल्या मैदानावर.

मग २४ एप्रिल २०२४. बाद फेरी, उपांत्य सामन्याचा पहिला टप्पा. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोव्याला पुढे नेलं. मध्यंतरानंतर ब्रँडन फर्नांडिसने दुसरा मारला आणि सगळं मैदान उभं राहिलं. गोव्याच्या पोराने गोव्याच्या मैदानात, अशा सामन्यात गोल करावा, यापेक्षा मोठं सुख त्या लोकांना कुठलं? आमच्या गाडीतली नारिंगी पोरं पलीकडच्या स्टँडमधून आम्हाला हात करत होती. आम्ही ओरडत राहिलो. सत्तर मिनिटं झाली, ऐंशी झाली, काही घडत नव्हतं. आमच्या पुढच्या रांगेतली मुंबईहून आलेली काही मंडळी सामान आवरू लागली. आमच्यातल्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बसा.

नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या छांगटेने एक परत केला. मला वाटलं, बरं झालं, दुसऱ्या टप्प्यासाठी आशा राहिली. अंधेरीला एक गोल भरून काढता येईल. हे वाक्य मनात पूर्ण व्हायच्या आत विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली. एका मिनिटात दोन. कोपऱ्यातली माणसं एकमेकांवर पडत होती, कुणाचा पाय कुणाच्या पाठीवर हे कळत नव्हतं. आणि वाढीव वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. ३-२.

तो गोल मी पाहिला असं प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. माझ्यासमोर एक उंच माणूस उभा होता. पण गोल झाल्यावर सगळं मैदान एकदम गप्प झालं आणि त्या शांततेत फक्त आमचा कोपरा ऐकू येत होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. हजारोंच्या घरात जाऊन मूठभरांनी तो आवाज काढणं, यासाठी माणूस बारा तास बसतो. टीव्हीवर हे कळत नाही. टीव्हीवर दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच येतो.

जे पंच्याऐंशीव्या मिनिटाला उठले त्यांना हे नंतर फोनवर बघावं लागलं. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, राग नाही.

१०. जिंकून गाडीत चढताना आवाज बंद

निम्मी गाडी हरलेली असते. हे फार कमी चाहत्यांच्या वाट्याला येतं, त्यामुळे त्याची रीत आम्हाला आमची बसवावी लागली. मैदानात, पार्किंगमध्ये, रस-ऑम्लेटच्या गाडीवर जितकं नाचायचं तितकं नाचा. गाडीचं दार बंद झालं की थांबायचं. त्या रात्री वास्कोला राहिलेला आमचा एक पोरगा खिडकीला डोकं टेकून बसला होता. २-० ची आघाडी सहा मिनिटांत हातातून गेली होती, कुणी काय बोलणार? त्याच्या शेजारी मुंबईची जर्सी घातलेला त्याचा चुलतभाऊ. त्याने अंगावर दुसरा शर्ट चढवला आणि त्याला पाण्याची बाटली दिली. कुणी सांगितलं नव्हतं.

कुडाळला पंपावर थांबलो तेव्हा दोघं चहा घेत बोलत होते. राहुल भेकेवरून वाद चालला होता. मुंबईचा पोरगा, त्या हंगामात मुंबईचा कर्णधार. २०१९ च्या अंतिम सामन्यात तो बेंगळुरूकडून खेळत होता आणि जादा वेळेत त्याच्याच हेडरने गोव्याचं विजेतेपद हुकवलं होतं. "ह्यो एक माणूस आमच्या मागे का लागलाय," हे त्या पोराचं म्हणणं. वाद सुरू झाला म्हणजे तो सावरला, हे मी ओळखलं आणि झोपायला गेलो.

दुसरा टप्पा २९ एप्रिलला अंधेरीत मुंबईने २-० जिंकला. ४ मेचा अंतिम सामना कोलकात्यात, मोहन बागानच्या साठ हजारांवर लोकांसमोर. मुंबईने ३-१ जिंकला. दोन्ही आम्ही दाभोळात पडद्यावर पाहिले. होड्या पाण्यात होत्या, सुट्ट्या संपल्या होत्या.

११. आपला संघ खेळत नसेल तरी गाडी काढा

जुलै २०२५ मध्ये बातमी आली की व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवून ठेवला आहे. रोव्हर्स बंद पडताना पाहिलेल्या माणसाला अशी बातमी कुठे लागते ते सांगायला नको. पोरं विचारायला लागली, आता आपण काय करायचं? मी म्हटलं, कोल्हापूर आहे ना.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर स्थानिक संघांच्या सामन्यांना जी गर्दी होते ती महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचित दिसेल. तिथले संघ तालमींचे, पेठांचे: पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. त्यांच्यामागे कुठली मोठी कंपनी नाही आणि परदेशी मालक नाही. संघ गल्लीचा, खेळाडू शेजारचा, आणि भांडणही तितकंच पक्कं. ज्या पोरांनी फुटबॉल फक्त पडद्यावर आणि फातोर्ड्याला पाहिला त्यांनी हे बघायलाच हवं. एका पेठेला स्वतःचा संघ उभा करता येतो, तर खाडीकाठच्या गावाला का येऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात आपसूक यावा असं मला वाटतं.

वाट आंबा घाटाची. जाताना उजेडात घाट चढायचा, रात्री कोल्हापुरातच राहायचं, परतीला सकाळ. चालकाची खोली आधी ठरली आहे. पाटाकडील की शिवाजी यावरून यादीत आत्ताच दोन गट पडलेत, आणि दोन्ही गटांचे पैसे जमा आहेत.